अर्धा पत्ता

राजाराम तलावाच्या काठावर मी पहिल्यांदा जाळी ओढली ती भर दुपारी बारा वाजता. साल १९९६, एप्रिल महिना. शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. प्राणिशास्त्राचं पहिलं वर्ष चालू होतं आणि सरांनी दिलेलं काम ऐकायला अगदी सोपं होतं: तलावातले प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गोळा करायचे, ओळखायचे, मोजायचे. प्लवकांची जाळी म्हणजे एक कापडी नरसाळं. गिरणीत मैदा चाळायला जे बारीक विणीचं कापड वापरतात तसलंच कापड, तोंडाला लोखंडी कडं आणि शेपटाला बाटली. दगडावर उभं राहून ती फेकायची, दोरीनं सावकाश ओढून घ्यायची, बाटलीत साठलेलं पाणी डबीत ओतायचं आणि वर फॉर्मॅलिनचे थेंब टाकायचे. दुपार निवडली ती मला वाटलं म्हणून, की ऊन भरपूर तर जीवही भरपूर.

सूक्ष्मदर्शकाखाली हिरवं शेवाळ दिसलं, तंतू दिसले, गोल गोल पेशींचे पुंजके दिसले. प्राणी जवळजवळ नव्हतेच. कुठे एखादा रोटिफर, डोळ्यांना न दिसणारा इवला प्राणी, बस. मी वहीत लिहिलं, 'राजाराम तलाव, पृष्ठभाग. प्राणिप्लवक विरळ', आणि वही सरांच्या टेबलावर ठेवली.

"किती वाजता गेली होतीस?" सरांनी वही वाचून विचारलं.

"बाराला, सर."

"मग हे तलावाबद्दल लिहिलंयस की बारा वाजल्याबद्दल?" मी गप्प. सरांनी पेन उचललं आणि माझ्या ओळीशेजारी एक रिकामा रकाना आखला. "ठिकाण लिहिलंस, वेळ लिहिली नाहीस. या मंडळींच्या बाबतीत हा अर्धाच पत्ता झाला. रात्री जाऊन ये. सोबत कुणाला तरी घे. आणि बॅटरी पाण्यावर मारू नकोस."

सोबत धाकटा भाऊ आला. बाबांची एम-एटी होती, तिच्यावर बसून जेवणं झाल्यावर निघालो. "अक्का, किडं गोळा करायला रात्रीची कशाला जातीस गं?" असं तो वाटेत दोनदा म्हणाला. तलावावर काळोख होता, लांबून सायबर चौकाच्या बाजूनं गाड्यांचा आवाज येत होता. दुपारी ज्या दगडावर उभी होते त्याच दगडावरून तेवढ्याच दोरीनं जाळी टाकली. बाटली वर आली तेव्हा हाताला ती दुपारच्यासारखीच लागली. काठापासून दूर येऊन, पाण्याकडे पाठ करून, डबीवर बॅटरी धरली आणि भाऊ एकदम गप्प झाला.

डबीतलं पाणी वळवळत होतं. टिचकी मारल्यासारखे उड्या मारत जाणारे डॅफ्निया, ज्यांना मराठी पुस्तकात पाणपिसू म्हणतात. अंड्यांच्या दोन पिशव्या शेपटीशी लोंबवत झटके देत पोहणारे सायक्लॉप्स. आजी पिण्याचं पाणी नेहमी दुपदरी फडक्यानं गाळायची, 'नारू होईल' म्हणून. त्या नारूची अळी ज्याच्या पोटात बसून माणसात यायची तो हाच सायक्लॉप्स. तलाव तोच, दगड तोच, दोरीही तीच, आणि दुपारी जिथे कुणी नव्हतं तिथे आता ही जत्रा. आम्ही दोघं कितीतरी वेळ ती डबी या हातातून त्या हातात देत बसलो.

दुपारी ते कुठे होते? खाली. तळाजवळच्या अंधारात.

पुढे कळलं की हे पहिल्यांदा लिहून ठेवणाऱ्यांत फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ जॉर्ज क्युविए होता, १८१७ मध्ये, आणि त्यानंही ते गोड्या पाण्यातल्या पाणपिसवांवरूनच लिहिलं. समुद्राची गोष्ट नंतर आली, आणि ती इतकी मोठी निघाली की अजूनही मला ती सांगताना धाप लागते. रोज संध्याकाळी जगातल्या सगळ्या समुद्रांत अगणित जीव खोलातून वर येतात आणि पहाटे परत खाली जातात. वजनाच्या हिशेबानं पृथ्वीवर रोज होणारं प्राण्यांचं हे सगळ्यात मोठं स्थलांतर. पक्ष्यांचे थवे दिसतात, हरणांचे कळप दिसतात. हे कुणाला दिसत नाही, कारण ते आडवं नसून उभं आहे आणि अंधारात होतं.

'प्लँक्टन' हा शब्द १८८७ साली जर्मनीच्या व्हिक्टर हेन्सननं रूढ केला, भटकणारा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. प्रवाह नेईल तिकडे जाणारे ते प्लवक. आडव्या दिशेनं हे खरंच आहे, समुद्राच्या प्रवाहापुढे त्यांचं काही चालत नाही. पण उभ्या दिशेनं ते पक्के मनाचे आहेत. दोन मिलिमीटरचा एक कोपेपॉड घ्या. सायक्लॉप्सचाच हा समुद्रातला भाऊबंद. तो रात्री दोनशे मीटर वर आला, तर स्वतःच्या लांबीच्या एक लाख पट अंतर चढला. माझ्या उंचीच्या एक लाख पट म्हणजे दीडशे किलोमीटर, साधारण कोल्हापूरहून मालवण. संध्याकाळी निघून तिथे जायचं, रात्रभर जेवायचं, पहाटे परत यायचं. रोज.

मालवणचं नाव सहज आलेलं नाही. आईचं माहेर तिथलं. बाबा एसटीत कंडक्टर होते, मालवण गाडीवर असायचे, आणि त्या गाडीतल्याच ओळखीतून हे स्थळ जुळलं. त्यामुळे आमच्या घरी एक गोष्ट दोन्हीकडून शिकायला मिळाली. घाटावरची बाजू अशी.

शिवाजी पेठेतलं आमचं जुनं घर. खाली माजघर, वर माडी, माडीवर कौलं, मागच्या अंगाला एक छोटी गच्ची. उन्हाळ्यात दुपारी माडीवर कुणी पाय ठेवत नसे. कौलं तापून वरची हवा भट्टी व्हायची. सगळं घर माजघरात उतरायचं, शेणानं सारवलेल्या जमिनीवर नुसतं पडून राहायचं. कुणी फार बोलत नसे, जेवणही थोडकंच. दिवस कलला की आजी कळशी घेऊन गच्चीवर जायची, पाणी शिंपडायची, मग एकेक करत आम्ही वर चढायचो. जेवणं वर, गप्पा वर, झोप वर. उजाडलं, उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली, की गाद्या गुंडाळून परत खाली. आमच्या घरातल्या माणसाला शोधायचं असेल तर आधी किती वाजले ते बघावं लागे.

प्राणिप्लवकांचं गणित याच्या फार जवळचं आहे. वरच्या उजेडाच्या थरात त्यांचं अन्न आहे, म्हणजे वनस्पतिप्लवक. पण दिवसा वर थांबलं तर माशांना ते दिसतात, आणि माशाला दिसणं म्हणजे संपणं. म्हणून दिवसभर खालच्या अंधारात राहायचं, रात्री जेवायला वर यायचं. याला आणखी एक बाजू आहे आणि ती मला पहिलीपेक्षा जास्त आवडते. खालचं पाणी गार असतं. थंड पाण्यात शरीराचा खर्च कमी होतो, श्वासाचा वेग उतरतो, खाल्लेलं पुरवून पुरवून वापरता येतं. वर येऊन जेवायचं आणि खाली गारव्यात जाऊन ते जिरवायचं, यात ऊर्जेची बचत होत असावी असं १९६३ मध्ये मॅकलॅरेन या शास्त्रज्ञानं मांडलं. त्यावर बरीच भवति न भवति झाली, आणि आज भक्षकांची भीती हेच मुख्य कारण मानलं जातं. पण माजघरातल्या दुपारी ज्यानं अनुभवल्यात त्याला गारव्याचं कारण अगदीच दुय्यम वाटणार नाही.

आता कोकणातली बाजू. मामांची होडी होती. मी सातवीत असताना हट्ट करून एका रात्री त्यांच्याबरोबर गेले. वल्हं पाण्यात बुडलं की तिथे निळसर उजेड फुटायचा आणि विझायचा. मी पाण्यात हात घातला, तर हाताभोवती ठिणग्या. तो जीव म्हणजे नॉक्टिलुका, हे नाव मला दहा वर्षांनी कळलं. पाणी ढवळलं की चमकणारा हाही एक प्लवकच, आणि हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात याचे हिरवे थर मैलोन्‌मैल पसरलेले अलीकडे उपग्रहांनाही दिसतात. आणखी एकदा, सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी, मी परत हट्ट धरला तेव्हा मामा आभाळाकडे बघून म्हणाले, "आज चांदणा हा गो बाय, काय गावाचा नाय. काळोख पडांदे, मगे जावया." पौर्णिमेच्या आसपास मासळी वर येत नाही, अमावास्येला येते, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. बांगडा आणि तारली हे दोन्ही मासे प्लवकांवर जगतात. चांदण्यात प्लवक खाली राहिले तर त्यांच्यामागे लागलेलेही खाली राहणार. मामांनी माशाकडून सांगितलं, सरांनी प्लवकाकडून, एवढाच फरक.

चंद्राचं हे प्रकरण किती खोल जातं याचा पुरावा मात्र फार लांबून आला. उत्तर ध्रुवाजवळ हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य उगवतच नाही. तिथल्या प्राणिप्लवकांनी वरखाली करणं थांबवलं असेल असं कुणालाही वाटेल. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ते चंद्राच्या घड्याळावर चालतात. सूर्याचा दिवस चोवीस तासांचा, चंद्राचा त्याहून सुमारे पन्नास मिनिटांनी लांब. यांचं वरखाली होणं त्या लांब दिवसाला जुळत होतं. पौर्णिमेच्या दिवसांत तर ते वरच्या थरातून उतरून पन्नास मीटरच्या आसपास जमत होते. ध्रुवावर मामा नसतात, पण चांदणं पडलं की काही गावत नाही हे तिथेही खरं.

समुद्रातलं स्थलांतर माणसाला दिसलं ते मात्र युद्धामुळे. १९४२ साली अमेरिकेत सॅन डिएगोजवळ पाणबुड्या शोधण्यासाठी ध्वनिलहरींचे प्रयोग चालू होते. आवाज खाली सोडायचा, तळावर आपटून परत आला की खोली कळते. तिथे तीनशे-साडेचारशे मीटरवरूनच प्रतिध्वनी येऊ लागला, जिथे तळ असायचं काही कारण नव्हतं. समुद्राला खोटा तळ! तीन वर्षांनी मार्टिन जॉन्सन या जीवशास्त्रज्ञानं सुचवलं की हा थर सजीवांचा असेल तर तो रात्री वर येईल. मोजलं, आणि सूर्य मावळताना तो 'तळ' खरोखरच वर यायला लागला. मी वर्गात हे सांगते तेव्हा नेहमी इथे थांबते. वर येणारा तळ. मुलांच्या चेहऱ्यावर ते उमटायला दोन-तीन सेकंद लागतात आणि त्या सेकंदांसाठी मी शिक्षिका झाले असं मला वाटतं.

हे सगळं उजेडावर चालतं, तेव्हा उजेड पाण्यात कसा उतरतो हे बघायलाच हवं. कोल्हापूरकरांना यासाठी फार लांब जायला नको. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला किरणोत्सव होतो. मावळतीचा सूर्य महाद्वारातून आत येतो, गाभाऱ्यापर्यंत पोचतो. पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख. लहानपणी आजीचा हात धरून त्या गर्दीत उभी राहायचे तेव्हा मला देवीपेक्षा त्या किरणांचीच काळजी असायची. वाटेत ढग आला, धुरकट हवा असली, की ते पायरीवरच फिके पडायचे. उजेड आत जाताना झिजतो, हे मी तिथे शिकले.

पाण्यात तो फार लवकर झिजतो. आणि सगळे रंग सारखे झिजत नाहीत. तांबडा पहिल्या दहाएक मीटरमध्येच जवळजवळ संपतो, मग नारिंगी, पिवळा. सगळ्यात खोल जातो तो निळा. कपाळावर कुंकू लावून कुणी तीस मीटर खाली गेलं तर ते काळपट दिसेल. स्वच्छ भर समुद्रात वरच्या उजेडाचा शंभरावा हिस्सा शंभर मीटरच्याही खाली पोचतो, फार तर दोनशेपर्यंत. किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात काही मीटरवरच तेवढा उरतो. शंभरावा हिस्सा ही साधारण सीमा मानतात, कारण त्याच्या आसपास वनस्पतिप्लवकाची दिवसभराची कमाई आणि दिवसभराचा श्वासाचा खर्च बरोबरीत येतात. त्याच्या खाली तो कर्जात.

हे मोजायची सोपी रीत रोमच्या एका खगोलशास्त्रज्ञ पाद्र्यानं दिली. आंजेलो सेक्की. १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून त्यानं भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीनं सोडली आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवली. बस, एवढंच. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते तिथे ही तबकडी आम्ही स्वतः केली आहे: पत्र्याची चकती, पांढरा ऑइलपेंट, मध्ये भोक, खाली वजनाला नट, दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. दिसेनाशी होते त्याच्या साधारण अडीच-तीनपट खोलीपर्यंत कामाचा उजेड पोचतो, असा ठोकताळा आहे. जुलैमध्ये ओढ्यांचं तांबडं पाणी तलावात आलं की तबकडी वीतभरातच नाहीशी होते. थंडीत, पाणी निवळल्यावर, ती बराच वेळ दिसत राहते आणि मुलं काठावर वाकून 'अजून दिसत्या, मॅडम, अजून दिसत्या' म्हणत राहतात.

उजेडाला जी दुसरी गोष्ट चिकटलेली आहे ती उष्णता, आणि इथे मला गुऱ्हाळाची आठवण येते. काहिलीतून नुकतीच काढलेली गरम काकवी पातळ धारेनं पडते. तीच काकवी थंडीत बरणीतून काढायला गेलं तर चमच्याला धरून बसते. पाण्याचंही तसंच आहे, आपल्याला जाणवत नाही इतकंच. तीस अंशाचं पाणी शून्य अंशाच्या पाण्याच्या निम्म्याहूनही कमी घट्ट असतं. आपल्या आकाराला त्यानं काही फरक पडत नाही. पण मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढा जीव पाण्यात असतो तो आपण काकवीत असावं तसा असतो, आणि त्याला फार फरक पडतो. वनस्पतिप्लवकातले डायटम काचेच्या, म्हणजे सिलिकाच्या, डबीत राहतात. ते पाण्याहून जड. उबदार, पातळ पाण्यात ते लवकर बुडणार, आणि बुडणं म्हणजे उजेडाबाहेर जाणं. म्हणून उष्ण समुद्रांतल्या अनेक प्लवकांना लांब शिंगं, काटे, पिसांसारखे फाटे असतात. सेरॅशियम नावाचा एक शिंगवाला प्लवक आहे. उबदार समुद्रातल्या त्याच्या जातींची शिंगं लांब आणि थंड समुद्रातल्यांची आखूड. इतकी सुंदर जुळणी मला दुसरीकडे क्वचितच दिसली आहे.

उष्णता आणखी एक गोष्ट करते: पाण्याला झाकण घालते. मे महिन्यात अरबी समुद्राचा वरचा थर तीस अंशांच्या घरात तापतो. दोनशे मीटरवर तापमान पंधरा ते अठरा अंश, हजार मीटरवर दहाच्याही खाली. मधे एक पट्टा असतो जिथे तापमान भराभर उतरतं. वरचं हलकं पाणी आणि खालचं जड पाणी या पट्ट्याच्या आरपार सहजी मिसळत नाहीत. आता वनस्पतिप्लवकाचा पेच बघा. त्याला दोन गोष्टी हव्यात: उजेड आणि खत. नायट्रेट, फॉस्फेट हे खत वरच्या थरातलं खाऊन संपतं आणि मेलेलं सगळं खाली पडत असल्यानं साठा खाली राहतो. उजेड झाकणाच्या वर, खत झाकणाच्या खाली. म्हणून अशा शांत, तापलेल्या महिन्यांत हिरवा थर पृष्ठभागावर नसतोच. तो चाळीस-पन्नास मीटरवर किंवा त्याहून खाली, झाकणाच्या कडेला असतो, जिथे वरून थोडा उजेड झिरपतो आणि खालून थोडं खत. वरून बघणाऱ्याला समुद्र निळा आणि रिकामा वाटतो. माझ्या दुपारच्या डबीसारखाच.

या जागेची वाटणी किती बारीक असते ते प्रोक्लोरोकॉकस हा वनस्पतिप्लवकातलाच एक इवला जीव दाखवतो. सॅली चिझम आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये याची पहिली माहिती प्रसिद्ध केली. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, आणि तरी प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवांत संख्येनं जगात सर्वांत जास्त. याच्या काही वाणांना वरचा भगभगीत उजेड मानवतो, काही वाण खालच्या मंद निळ्या उजेडासाठीच घडलेले आहेत. एकाच घराण्यातली माणसं, काही माडीवर राहणारी, काही माजघरात.

मग पाऊस येतो. जोरदार नैर्ऋत्य वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावरचं पाणी ढकलून नेतात, खालचं गार, खताचं पाणी वर येतं. आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यालाही असंच होतं. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन जड होतं, बुडतं, आणि परत घुसळण होते. झाकण निघालं की हिरवं फुलतं, त्यामागे प्राणिप्लवक, त्यामागे तारली, बांगडा. आपल्याकडे एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडतात आणि रात्रीतून घाट चढून आलेला बांगडा सकाळी कोल्हापूरच्या बाजारात टोपलीत असतो. आई तो हातात घेऊन कल्ले बघायची, मी नंतर नंतर पोट बघायला लागले. आता हैदराबादचं इन्कॉइस हे केंद्र उपग्रहानं मोजलेला पाण्याचा हिरवेपणा आणि तापमान बघून मच्छीमारांना मासळी कुठे असेल त्याची सूचना देतं. उजेड आणि उष्णता, दोनच गोष्टी, आणि त्यातून मामांच्या मुलाच्या मोबाइलवर दिशा आणि अंतर येतं.

झाकण मात्र दिवसेंदिवस घट्ट होतं आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की पश्चिम हिंदी महासागरातले वनस्पतिप्लवक सहा दशकांत वीस टक्क्यांपर्यंत घटले आहेत, कारण पृष्ठभाग तापल्यानं खालचं खत वर येणं कमी झालं. जगातल्या एकूण प्रकाशसंश्लेषणातला जवळजवळ निम्मा वाटा समुद्रातल्या या जीवांचा. ही बातमी वाचली त्या दिवशी मी वर्गात ठरलेला धडा घेतला नाही. हेच सांगितलं.

अरबी समुद्राची आणखी एक तऱ्हा सांगितल्याशिवाय राहवत नाही. साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत त्याच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. तरीही प्लवक आणि त्यांना खाणारे इवले कंदीलमासे दिवसा तिथेच उतरतात. मोठे भक्षक तिथे तग धरू शकत नाहीत म्हणून ती जागा सुरक्षित. उजेड त्यांना जिथे ढकलतो तिथे श्वास अपुरा, आणि जिथे श्वास पुरेसा तिथे उजेड. ते दिवसभर श्वास आखडून अंधार पत्करतात आणि रात्री वर येतात.

आणि हे सगळं ठरवायला त्यांना लागणारा उजेड किती थोडा! भर दिवसा डोक्यावरून ढग गेला तर शेकडो मीटर खालचे थर काही मीटर वर सरकतात, ढग गेला की परत खाली. २१ ऑगस्ट २०१७ च्या सूर्यग्रहणात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या यंत्रांनी प्राणिप्लवक वर चढताना आणि ग्रहण सुटल्यावर परत उतरताना नोंदवले. मला चोवीस ऑक्टोबर १९९५ ची सकाळ आठवते. दिवाळीतलं ते ग्रहण. आजीनं दारं-खिडक्या लावून आम्हाला आत बसवलं होतं. राजाराम तलाव तेव्हा तिथेच होता, आणि माझी जाळी मला मिळायला अजून सहा महिने होते.

हल्ली मला काळजी वाटते ती कोल्हापुरातल्याच रंकाळा तलावाची. पाणी हिरवं होतं, वास येतो, आणि त्याचं मोठं कारण त्यात जाणारं सांडपाणी आहे, यात वादच नाही. पण काठानं रात्रभर दिवे असतात. २००० साली बोस्टनजवळच्या एका तळ्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला: शहराच्या उजेडामुळे तिथले डॅफ्निया रात्री पूर्वीइतके वर येत नव्हते, आणि जे येत होते त्यांची संख्याही कमी होती. डॅफ्निया वर येऊन शेवाळ खातात. ते खालीच राहिले तर वरचं शेवाळ खाणार कोण? समुद्रात एलईडी लावून मासे गोळा करण्यावर २०१७ मध्ये केंद्र सरकारनं बंदी घातली, कारण त्या उजेडानं लहान-मोठं सगळं एका जागी ओढलं जातं. खाली ढकलणारा असो की ओढून घेणारा, उजेड त्यांचं वेळापत्रक मोडतो. दिवे हवेत, बायकामुलं संध्याकाळी निर्धास्त फिरतात ती दिव्यांमुळे, मीही त्यातलीच. पण पाण्याकडे तोंड केलेला दिवा रस्त्याकडे वळवता येतो.

म्हणून गेल्या अमावास्येला आम्ही रंकाळ्यावर गेलो. सोबत भाऊच. त्याच्या मिशा पिकल्यात, एम-एटीच्या जागी स्प्लेंडर आली आहे. जाळी नवी, कापड त्याच विणीचं. काठावरच्या राखणदारानं हाक मारली, "ताई, एवढ्या रात्रीचं पाण्यात काय हुडकायलाय?" मी त्यांना डबी दाखवली, काय शोधतोय ते सांगितलं, आणि ते आमच्याबरोबरच चालत आले. त्यांनीच सांगितलं कुठल्या बाजूला दिवे बंद आहेत.

दोन डब्या. एक दिव्याखालची, एक अंधारातली. चिठ्ठ्या घरूनच लिहून आणल्या होत्या: रंकाळा, पृष्ठभाग, अमावास्या, रात्री नऊ चाळीस. सरांनी आखलेल्या रकान्याच्या पुढे मी आणखी एक रकाना आखला आहे, दिवा. एकीवर 'आहे' लिहिलं, एकीवर 'नाही'.

आधी अंधाराची बाजू घेतली. मी दोरी मोकळी केली, जाळीचं कडं पाण्यात सोडलं. भाऊ मागे बॅटरी धरून उभा होता.

"आणि ही?" त्यानं विचारलं.

"बंद कर."